परमुलखातली पत

माझा पुतण्या दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी स्पेनला, व्हॅलेन्सियाला गेला. पहिले दोन महिने त्याच्या फोनवर समुद्र, संत्री आणि ऊन एवढेच असे. तिसऱ्या महिन्यात सूर बदलला. "काका, घर भाड्याने घ्यायचं तर घरमालक बँकेचं खातं विचारतो. खातं उघडायला गेलं तर बँक परदेशी माणसाचा नोंदणी क्रमांक मागते. महापालिकेत रहिवासी म्हणून नाव लागल्याशिवाय सरकारी दवाखान्याचं कार्ड नाही, आणि नाव लागायला भाडेकरार हवा. म्हणजे घर असल्याशिवाय घर मिळत नाही!"

तिथल्या कायद्याप्रमाणे घराची अनामत एका महिन्याच्या भाड्याएवढी असते. त्यावर घरमालकाला फार तर आणखी दोन महिन्यांची हमी मागता येते. तेवढे पैसे पोराकडे होते. नव्हता तो 'हा माझा माणूस' म्हणणारा कुणी.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. आमच्या काळी नवे खाते उघडायला जुन्या खातेदाराची सही लागे. 'ओळख देणार' असा फॉर्मवर एक रकानाच होता. त्या रकान्याशी अडून परत गेलेली माणसे मला अजून आठवतात. त्यांतली बरीच परदेशी होती, कारण माझ्या नेमणुकीची चार वर्षे तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात गेली आणि तिथल्या विद्यापीठात अरब मुले पुष्कळ. पुतण्याचा फोन ठेवला आणि वाटले, आपल्याच मुलखात परका माणूस कसा राहतो, कशावर राहतो, ते एकदा नीट पाहून यावे. दिवाळीनंतर नाशिकहून निघालो.

सुरुवात भडकल दरवाजापासून केली. रिक्षा, हातगाड्या आणि भोंगे यांच्या गर्दीत ही काळसर कमान उभी आहे. १६१२ साली मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून ती बांधली. त्याच्या दोन वर्षे आधी, १६१० मध्ये, खडकी नावाच्या खेड्याच्या जागी त्याने हे शहर वसवले होते. शहर वसवणारा माणूस स्वतः या देशातला नव्हता. तो इथिओपियातला, आपल्या जुन्या भाषेत हबसाणातला. त्याचे जन्मनाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. येमेनमधल्या मोखा बंदरात त्याची किंमत २० डुकॅट झाली, अशी नोंद १६१७ मध्ये त्याला भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने केली आहे. तिथून बगदाद आणि तिथून दख्खन. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही मूळचा हबशी गुलामच. तो वारल्यावर त्याच्या बायकोने अंबरला मुक्त केले, असे सांगितले जाते.

परक्या मुलखात त्याचे भांडवल एवढेच होते: अंगातली कर्तबगारी आणि एका विधवेने दिलेली मोकळीक. त्यावर तो विजापूरकरांकडे चाकरी करून आला, निजामशाही बुडत असताना तिचा मुख्य वजीर झाला आणि जहांगीरच्या फौजांना वीसेक वर्षे झुलवत राहिला. मालोजी आणि शहाजी भोसले ज्या निजामशाहीचे सरदार होते, ती शेवटच्या काळात चालवली याने. शेतसारा बांधून देण्याची त्याची रीत तर 'मलिकंबरी' या नावाने मराठी कागदांत त्याच्यामागेही टिकून राहिली. काल-परवापर्यंत ज्याची स्वतःची किंमत बाजारात ठरत होती, त्याने पुढे गावोगावच्या जमिनींची प्रत ठरवली.

त्याने शहराला दिलेली सगळ्यांत मोठी वस्तू मात्र जमिनीखाली आहे. उत्तरेच्या डोंगरपायथ्याचे झिरपते पाणी धरून १६१७ च्या सुमारास त्याने भुयारी नहर काढली. मोट नाही, रहाट नाही. नुसत्या उतारावर पाणी शहरभर फिरे आणि वाटेत विहिरीच्या तोंडासारखी उघडी तोंडे ठेवलेली, म्हणजे हवा खेळावी आणि गाळ काढता यावा. हे तंत्रही बाहेरचेच. इराणात अशा भुयारी पाटांना कनात म्हणतात. नहरीच्या काही भागांतून आजही पाणी वाहते. शहराचे आजचे पाणी मात्र पैठणच्या नाथसागरातून पंपाने चढवून आणावे लागते आणि नळाला ते रोज येत नाही. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या वहिनी म्हणाल्या, "भावजी, इथं पाहुणा आला की चहा आधी विचारत नाही, टाकीत डोकावतो." चारशे वर्षांपूर्वी परक्याने काढलेल्या नहरीजवळ उभे राहून हे ऐकल्यासारखे वाटत राहिले.

तिथून पाणचक्की जवळच, खाम नदीच्या काठाला. सहलीची पोरे हौदातल्या माशांना फुटाणे टाकतात, फोटो काढतात आणि जातात. आपण जरा थांबून ही जागा कशासाठी होती ते विचारावे. बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवान गावातून बाबा शाह मुसाफिर नावाचे सूफी साधू औरंगजेबाच्या काळात इथे आले. नावातच मुसाफिर. त्यांच्या खानकाहात, म्हणजे सूफी मठात, मध्य आशियातून मोगली फौजेत नशीब काढायला आलेले शिपाई उतरत. कुणाचा पगार थकलेला, कुणाचा घोडा मेलेला, कुणाला परत घरी जायचे तर वाटखर्ची नाही. हे सारे तपशील खानकाहाचे पुढचे प्रमुख शाह महमूद यांनी संकलित केलेल्या फारसी आठवणींत आहेत. सायमन डिग्बी या इंग्रज अभ्यासकाने २००१ मध्ये त्यांचे भाषांतर केले. पुस्तक संतांचे, पण वाचताना पानोपानी परदेशात अडकलेल्या माणसांचा हिशेब दिसतो.

एवढ्या माणसांना रोज भाकरी कुठून? त्याचे उत्तर ही चक्की. दूरच्या डोंगरातला झरा मातीच्या नळांतून इथवर आणला, चिरेबंदी खांबात चढवला आणि उंचावरून हौदात पाडला. त्या पाण्याच्या रेट्याने दगडी जाते फिरे. निजाम-उल-मुल्कच्या पदरी असलेल्या तुर्कताजखानाने १७४४ मध्ये हे काम पुरे केले. यात्रेकरू, शिष्य आणि शिपाई यांच्यासाठी इथे धान्य दळले जाई. मोठ्या हौदाची गोम तर फार थोड्यांना कळते. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, त्यामुळे मराठवाड्याच्या वैशाखातही खाली गारवा. आता याच आवारात राज्याच्या वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय आहे. जिथे मुसाफिर कागदाविना राहत, तिथे आता कागदांचे ढीग.

दुपारी बेगमपुऱ्यात गेलो. एका बाजूला बीबी का मकबरा, दुसऱ्या बाजूला विद्यापीठ, मधे जुनी घरे आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. १९९४ मध्ये त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. येमेन, इराक, सुदान अशा देशांतली मुले इथे पदवी आणि पीएचडीसाठी येत आली आहेत. फी युरोपच्या मानाने कमी, आणि दख्खनी हिंदी सहा महिन्यांत जिभेवर बसते. एका किराणा दुकानापाशी चौकशी करताना दुकानदारानेच हाक मारून एकाला बोलावले. येमेनच्या ताइझ प्रांतातला तिशीचा तरुण, पीएचडीचे शेवटचे वर्ष.

मी सहज म्हटले, हे शहर वसवणारा माणूस मोख्यात विकला गेला होता. तो हसला. "मोखा? ते तर आमच्या ताइझमध्येच. माझ्या मामाचं घर तिथून तासाभरावर." मग थोड्या वेळाने, "तो वीस डुकॅटला आला, मी वर्षाला किती देतो ते विचारू नका."

मी विचारलेच. दोन खोल्या, तिघांत मिळून. भाडे परवडते, अनामतही परवडली. नडला तो होकार. तीन महिने घर मिळेना. एक घरमालक म्हणे फक्त कुटुंबाला देतो, दुसरा म्हणे मांसाहार चालणार नाही, तिसरा म्हणे पोलिसांचा ताप कोण घेणार. हा तिसरा अनुभव सगळ्यांत जास्त वेळा आला. परदेशी माणूस राहायला आला की घर देणाऱ्याने २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची असते. लोक त्याला 'सी फॉर्म' म्हणतात. हॉटेलांना ते अंगवळणी पडलेले असते, पण खोल्या भाड्याने देणाऱ्या साध्या माणसाला पोलीस हा शब्द ऐकूनच घाम फुटतो. शिवाय १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला १४ दिवसांत स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि तिथे राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. मला व्हॅलेन्सियाचा फोन आठवला. चक्र तेच, फक्त भाषा वेगळी.

"मग सुटलं कसं?"

त्याने दुकानदाराकडे बोट दाखवले. त्या तीन महिन्यांत हा मुलगा हॉस्टेलवर मित्राकडे तात्पुरता राहत होता आणि साखर, चहापत्ती इथून नेत होता. दुकानदाराने उधारीच्या वहीत त्याचे पान उघडले. दर महिन्याला हिशेब चुकता होताना पाहिला आणि एका घरमालकाला सांगितले, पोरगा वेळेवर पैसे देतो. तेवढ्यावर किल्ली मिळाली. म्हणजे आमच्या बँकेच्या फॉर्मवरचा तो रकाना इथे किराण्याच्या वहीत भरला गेला.

बँकेचा विषय निघाल्यावर मला राहवेना. परदेशी विद्यार्थ्याला पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशाच्या पत्रावर अनिवासी खाते उघडता येते. पण इथला पत्ता सिद्ध होईपर्यंत, पहिल्या ३० दिवसांत, परदेशातून हजार डॉलरपेक्षा जास्त रक्कम खात्यात घेता येत नाही आणि महिन्याला ५० हजार रुपयांपेक्षा जास्त काढता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करायची नाही. त्यामुळे सगळी मदार घरून येणाऱ्या पैशांवर. आणि घर येमेनमध्ये! २०१६ मध्ये तिथली मध्यवर्ती बँक दुभंगली, एक सनामध्ये आणि एक अदनमध्ये. अदनने छापलेल्या नव्या नोटा सनाने २०१९ च्या अखेरीस बंद केल्या. तेव्हापासून एकाच रियालला डॉलरच्या तुलनेत दोन भाव आहेत. "वडिलांचा पगार एका रियालमध्ये, हवाला दलाल दुसऱ्या रियालमध्ये, आणि माझी फी रुपयांत," तो म्हणाला. बँकेत इतकी वर्षे काढली, पण असा हिशेब माझ्या टेबलावर कधी आला नव्हता.

येमेनचे आणि मराठवाड्याचे नाते त्याच्यापासून सुरू होत नाही. संध्याकाळी शहागंजात एका जुन्या खातेदारांकडे चहाला गेलो. आडनाव चाऊस. मराठवाड्यात हे आडनाव ठिकठिकाणी आढळते. चाऊस हा मूळचा तुर्की लष्करी हुद्दा. हैदराबादच्या निजामाच्या राज्यात हद्रमौतहून, म्हणजे येमेनच्या पूर्व भागातून, अरब शिपाई आले आणि त्यांच्या वंशजांना हे नाव चिकटले. या शिपायांनी परक्या मुलखात पत कमावण्याची तऱ्हाच उलटी केली. त्यांचे जमादार सावकारी करू लागले. निजामाचे उमराव त्यांच्याकडून कर्ज घेत आणि तारण म्हणून गावांचा वसूल लिहून देत. कर्ज थकले तर वसुलीला बंदुका होत्याच. एकोणिसाव्या शतकात निजामाच्या दिवाणाला, पहिल्या सालारजंगाला, त्यांचा जोर मोडायला बरीच वर्षे लागली. चाऊसभाई मात्र निवृत्त शिक्षक. "आजोबांच्या आजोबांनी राजांना कर्ज दिलं," ते मराठीत म्हणाले, "आणि मी तुमच्या बँकेचं घरकर्ज वीस वर्षं फेडलं!" घरात मराठी, मशिदीत अरबी, बाजारात दख्खनी. यमनी म्हणून आता त्यांना कुणी ओळखत नाही.

दुसऱ्या दिवशी दौलताबाद. देवगिरीचा किल्ला चढताना गुडघे बोलू लागतात, पण मी चढलो तो इब्न बतूतासाठी. मोरोक्कोच्या तांजेरचा हा प्रवासी १३३३ मध्ये हिंदुस्थानात आला, मुहम्मद तुघलकाच्या पदरी राहिला आणि चीनकडे वकील म्हणून निघाला तेव्हा दौलताबादेत मुक्काम करून गेला. त्याने इथले जवाहिऱ्यांचे वैभव लिहिले, गाणाऱ्यांचा तरबाबाद नावाचा बाजार लिहिला आणि किल्ल्यातल्या अंधारकोठडीत मांजरांहून मोठे उंदीर असतात हेही लिहिले. अंधेरी वाटेतून जाताना गाईड हीच गोष्ट मोबाइलचा दिवा विझवून सांगतो. शाळेच्या मुली किंचाळतात.

मला मात्र त्याच्या उधारीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. तुघलकाला परदेशी माणसांचे भारी कौतुक. त्यांना 'अजीज' म्हणावे असा त्याचा हुकूम होता. पण दरबारात जायचे तर नजराणा हवा. नवख्याकडे घोडे, उंट, वस्त्रे कुठली? तेव्हा सिंधमधले व्यापारी नव्या पाहुण्याला हजारो दिनार उधार देत, नजराण्याचा सारा सरंजाम उभा करत आणि सुलतानाकडून त्याच्या कितीतरी पट परत मिळाले की आपले वसूल करत. परक्यांना पत विकण्याचा हा धंदाच होता. बतूता दिल्लीचा काझी झाला, वर्षाचा तनखा १२ हजार दिनार, तरी कर्ज ५५ हजारांवर गेले. सावकारांनी राजवाड्याच्या दारात अडवल्यावर शेवटी सुलतानाने ते फेडले. शाही पगार, राहणी त्याहून शाही, आणि परत जायचा रस्ता बंद. आमच्या शाखेत अशी कर्जखाती असत. नावे वेगळी एवढेच.

एक गंमत. बतूताने आपला सारा प्रवास सांगितला आणि तो लिहून काढला इब्न जुझय्य याने. हा लेखक ग्रानाडाचा, म्हणजे आजच्या स्पेनचा. आपल्या देवगिरीचे चौदाव्या शतकातले वर्णन एका स्पॅनिश अरबाच्या हातचे आहे, हे मी पुतण्याला गडावरूनच कळवले. त्याचे उत्तर आले, "त्याला विचारा, त्याने घर कसं मिळवलं."

पुढे खुलताबाद. डोंगरमाथ्यावरचे शांत गाव, दर्गे आणि सीताफळे. औरंगजेबाच्या कबरीकडे जाणाऱ्यांची रांग आणि तिच्याभोवतीचे राजकारण दोन्ही तिथेच सोडून मी मलिक अंबरच्या कबरीकडे वळलो. घुमट दणकट, कोरीवकाम बेताचे. शेजारी त्याची पत्नी करीमा हिची कबर. १६२६ मध्ये तो वारला तेव्हा मुलगा फतहखान याने खडकीचे फतहनगर केले. १६५३ मध्ये औरंगजेब सुभेदार होऊन आला आणि औरंगाबाद झाले. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. चारशे वर्षांत या शहराची पाटी चारदा रंगली. ज्याने ते वसवले त्याने स्वतःचे नाव शहराला दिले नव्हते. शहरात ते फक्त नहरीला राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी जालना रस्त्याने शेंद्र्याला एक चक्कर मारली. जुन्या कथांवरून एकदम चकाचक रस्त्यांवर. चेक देशाच्या स्कोडा कंपनीने २००१ मध्ये इथे मोटारी जोडायला सुरुवात केली. शेजारच्या ऑरिक या नव्या औद्योगिक नगरात कोरियाच्या ह्योसंग कंपनीचा ताणल्या जाणाऱ्या स्पँडेक्स धाग्याचा कारखाना आहे. इथला परदेशी माणूस बेगमपुऱ्यातल्या मुलाच्या दुसऱ्या टोकाला. नोकरीचा व्हिसा मिळायलाच वर्षाचा पगार किमान सव्वासोळा लाख रुपये असावा लागतो. खास आपल्या देशाचे पदार्थ करणारे आचारी, भाषाशिक्षक, दुभाषे अशांना तेवढी सूट. वर्षात १८२ दिवस इथे काढले की तो आयकरासाठी निवासी ठरतो. स्पेनमध्ये हाच आकडा १८३ दिवसांहून अधिक. सी फॉर्म, घर, गाडी हे कंपनीचा माणूस पाहतो. म्हणजे ओळख देणाऱ्याची सही कंपनीच करते. पण एक दार त्याच्यासाठीही बंद: शेतजमीन त्याला घेता येत नाही. चहाच्या टपरीवरचा एकजण यावर म्हणाला, "त्यात काय, सातबारा नसलेल्या पुण्याच्या माणसालाही इथं शेत घेता येत नाही." खरेच आहे. जमिनीच्या बाबतीत शेतकरी सोडून बाकी सगळेच परदेशी.

सिल्लोडमार्गे अजिंठ्याकडे निघालो. दोन्ही बाजूंना मका आणि कापूस, वेचणीला वाकलेल्या बायका. लेणी घाटाखाली आहेत. घाटाच्या अलीकडे अजिंठा गाव, तटबंदी आणि बारादरी. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये कंपनी सरकारने लेण्यांतली चित्रे उतरवून घ्यायला नेमला आणि याच बारादरीत राहू लागला. आला होता कामापुरता, राहिला जन्मभर. पारू नावाच्या इथल्या मुलीशी त्याचे नाते जुळले. १८५६ मध्ये ती वारली. तिच्या नावाची शिळा त्याने बसवली, ती गावात आहे. ना. धों. महानोरांनी यावर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले, पुढे चित्रपटही आला, त्यामुळे मराठी माणसाला ही गोष्ट प्रेमाची म्हणून माहीत आहे. कामाची गोष्ट त्याहून कडू आहे. वाघ-अस्वलांच्या दरीत, दिव्याच्या उजेडात वर्षानुवर्षे केलेल्या त्याच्या मोठ्या तैलप्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतल्या जवळजवळ सगळ्या जळाल्या.

फर्दापूरला जेवताना हॉटेलवाल्याने भिंतीवरचा एक फोटो दाखवला, "आमचे स्पिंकसाहेब." अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक वॉल्टर स्पिंक. अर्धशतकाहून जास्त काळ ते इथे येत राहिले. दाराच्या खाचा, अर्धवट खांब, दिव्याची काजळी असल्या बारक्या खुणांवरून त्यांनी मांडले की महायान काळातली सारी लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळी, इसवी सन ४६० ते ४८० च्या सुमारास, वीसेक वर्षांत खोदली गेली. सगळ्यांना ते पटले नाही, पण अजिंठ्यावर लिहिणाऱ्या कुणालाही त्यांना ओलांडून जाता येत नाही. २०१९ मध्ये ते वारले. लेण्यांच्या दारावर आज भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६०० रुपये अशी पाटी आहे. स्पिंकसाहेबांना इथल्या पोरांनी मात्र परदेशी कधी मानले नाही. आत पहिल्या लेण्यात टोपी-मोजे घातलेले परदेशी पाहुणे भिंतीवर आणि छतावर रंगवले आहेत. पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने त्यांची पादत्राणेसुद्धा नीट पाहून काढली.

भुसावळला गाडीला वेळ होता, म्हणून जुन्या इंग्रजी दफनभूमीत गेलो. १८७९ मध्ये आजारी गिलला इकडे आणताना तो वाटेत वारला. पारू अजिंठ्यात, गिल इथे. मधे घाट आणि केळीच्या बागा.

नाशिकला परतल्यावर रविवारी पांडवलेण्यांवर गेलो. इतकी वर्षे पायथ्याशी राहून दहाव्या लेण्यातला तो लेख मी कधी पुरा समजून घेतला नव्हता. दाता उषवदात, क्षत्रप नहपानाचा जावई, जातीने शक, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने बाहेरचाच. त्याने ३००० कार्षापण कायमचे ठेवले. ते त्याने आपल्या खजिन्यात ठेवले नाहीत. गोवर्धन गावातल्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २०००, दरमहा शेकडा एक व्याजाने; दुसऱ्या श्रेणीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आणि ही देणगी निगमसभेत वाचून दाखवली, दप्तरी नोंदवली, मगच पक्की झाली. राजाच्या जावयालाही गावच्या विणकरांची हमी लागली आणि नगरसभेची नोंद लागली.

मी तिथेच पायरीवर बसून हिशेब केला. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला २० भिक्षू. प्रत्येकाला वस्त्रासाठी १२ कार्षापण. लेखातला आकडा तोच. दोन हजार वर्षांपूर्वीचे खाते, पै न पै जुळते.

परतताना बेगमपुऱ्यातला तिसरा घरमालक आठवत होता, पोलिसांच्या तापाला भ्यालेला. ती सी फॉर्मची नोंद आता घरबसल्या ऑनलाइन होते आणि तिला पैसे लागत नाहीत. पासपोर्ट आणि व्हिसा समोर असला की झाले. तुमच्या घरी एखादी खोली रिकामी असेल आणि उद्या एखादा परदेशी मुलगा दारात उभा राहिला, तर भाडे, अनामत काय ते ठरवा, वागणुकीचे नियम सांगा, पण त्या एका कागदाच्या भीतीने त्याला परत पाठवू नका. आपलीही मुले कुठल्यातरी दारात उभी आहेत.